टाकीच्या झाकणाचं भोक

दसऱ्याच्या सकाळी मी आमच्या जुन्या मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला असलेलं बारीक भोक बुजवलं. एवढंच केलं. पुढे जे झालं ते सगळं मिस्त्रीमुळे झालं, असं मी दिवाळी उलटेपर्यंत पांढुर्ण्यात सांगत होतो. आणि सांगणं मला जमतं. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आहे. मुलांना समजलं नाही तरी माझ्या आवाजात कधी शंका आली नाही.

गाडी माझी नाही, सासऱ्यांची. ते सौंसरचे कापसाचे व्यापारी. गोल दिव्यांची, स्टीअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली ही गाडी त्यांनी ऐन उमेदीत घेतली आणि जाताना लेकीच्या नावानं ठेवली. म्हणजे गाडी बायकोची, ती पुसायचा अधिकार माझा. गेल्या पावसाळ्यात ती इतका धूर सोडायला लागली की गल्लीत डासांचा फवारा मारणारे आले असं समजून लोक खिडक्या लावून घेत. म्हणून सौंसरच्या मिस्त्रीकडे इंजिनाचं काम काढलं.

हा मिस्त्री सासऱ्यांच्या वेळचा. साठी ओलांडलेला, बोलणं मोजकं, कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून इंजिनाची नाडी बघणारा. त्यानं दोन महिने घेतले. इंजिन खाली उतरवलं, बोअर करून आणलं, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सगळं नवं घातलं आणि दसऱ्याच्या चार दिवस आधी गाडी माझ्या हवाली केली. म्हणाला, "इंजन बांधून देलं जी मास्तर. आता दहा वर्षं इंजनाच्या कामाचं नाव काढू नका. फक्त सुरुवातीले दाबू नका."

त्या चार दिवसांत गाडी खरोखर अशी चालली की मी दोनदा उतरून बघितलं, चालू आहे ना.

आता भोक. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा म्हणजे घरातल्या लग्नासारखी. धुणं, पुसणं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि शेवटी बायको तांब्यानं गाडीभोवती पाणी फिरवते. मी मागचं झाकण पितांबरीनं तांब्या घासावा तसं घासत होतो तेव्हा त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं. माझ्या मनात आलं, फिरवलेल्या पाण्यातले चार थेंब या भोकातून आत गेले तर? पेट्रोलात पाणी गेलं तर नव्या इंजिनाचं वाटोळंच. विचार अगदी बरोबर होता. माझे बहुतेक विचार बरोबरच असतात, ते चुकीच्या जागी येतात इतकंच.

नळ गळायला लागला की लावतात तो दोन रंगांचा मसाला घरात होता. दोन्ही रंग एकत्र मळले, भोकात दाबले, बोटानं सारखं केलं. वाळल्यावर वरून चंदेरी रंगाचा हात फिरवला. भोक होतं कुठे हे मलाही सापडेना. पूजा झाली. टाकी तोंडापर्यंत भरली. आणि दुपारी सोनं वाटायला आम्ही बायकोच्या माहेरी, सौंसरला निघालो.

पंचवीस-एक मिनिटं गाडी छान चालली. मग तिनं एक आचका दिला, दुसरा दिला, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसली.

ज्यांनी जुनी गाडी बंद पाडलेली नाही त्यांना सांगतो, बंद पडलेल्या जुन्या गाडीजवळ माणूस कधी एकटा राहत नाही. नवी गाडी बंद पडली की लोक बाजूनं निघून जातात. त्यांना वाटतं, आतमध्ये कॉम्प्युटर आहे, आपलं काय काम. जुनी दिसली की प्रत्येकाला आपला काका आठवतो, ज्याच्याकडे अशीच होती. पाच मिनिटांत एक जीपवाला थांबला. त्याचा पहिला प्रश्न, जो या देशात प्रत्येक जण पहिला विचारतो:

"पेट्रोल आहे का जी?"

मला हा अपमान वाटला. मी मागे गेलो, झाकण फिरवलं. आतून 'फुस्स' असा लांब आवाज आला, आणि मी त्याला काठोकाठ पेट्रोल दाखवलं. तो 'फुस्स' ऐकून मला उलट बरं वाटलं. म्हटलं, पेट्रोल ताजं आहे, सोड्यासारखं.

जीपवाल्यानं बोनेट उघडून इग्निशनच्या कॉइलला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. "कॉइल गरम होऊन राहिली तुमची." त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून फडकं कॉइलला गुंडाळलं. मी चावी फिरवली. गाडी पहिल्या हाकेला सुरू.

"पाह्यलं? कॉइल बदला," असं म्हणून तो गेला. मी सौंसरला पोचून कॉइल बदलली.

परतताना मोहगावच्या आसपास ती पुन्हा बसली. या वेळी मोटारसायकलवरचे एक गृहस्थ थांबले. पेट्रोल आहे का, झाकण, फुस्स, आहे. त्यांनी पेट्रोल-पंपावर ओलं फडकं टाकलं. उकाड्यानं पेट्रोलची वाफ होते, नळीत अडकते, असं समजावलं. गाडी सुरू. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या एका जाणकारानं प्लगच्या वायरी काढून परत लावल्या. पेट्रोल आहे का, झाकण, फुस्स, आहे. गाडी सुरू. चौथ्या वेळी बायकोच्या मावशींनी लिंबू उतरवून रस्त्यावर फेकलं, आणि त्याआधी मावशींनाही पेट्रोल आहे का ही शंका आली होती. गाडी सुरू.

म्हणजे बघा, कोणीही काहीही केलं तरी गाडी चालू होत होती आणि प्रत्येकाचं निदान सिद्ध होत होतं. विज्ञानाच्या पुस्तकात याला प्रयोग म्हणतात. आणि प्रत्येक प्रयोगात झाकण उघडणारा हात माझाच होता, हे त्या पुस्तकाच्या मास्तराच्या एकदाही लक्षात आलं नाही.

इतके इलाज करूनही गाडी बंद पडतेच म्हटल्यावर एकच निष्कर्ष उरला: इंजिनच बिघडवलं. दोन महिने ठेवून घेतलं आणि बिघडवलं. मी हे आमच्या मंडीजवळच्या चहाच्या टपरीवर बोललो.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून या टपरीवर बसणारा प्रत्येक जण जिल्हास्तरीय तज्ज्ञ झाला आहे. तिथे माझ्या गोष्टीला चांगला उठाव मिळाला. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "मिस्त्रीचं वय झालं." दुसऱ्या दिवशी म्हणालो, "हात थरथरतात." तिसऱ्या दिवशी मी त्याच्या थरथरणाऱ्या हाताची नक्कल करून पान्याऐवजी चमचा फिरवून दाखवला. सगळे हसले. त्यात एक संत्र्याचे बगीचेवाले भाऊ होते. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "खरंच काय जी मास्तर? माह्ये दोन ट्रॅक्टर त्यालेच द्याचे होते इंजनाच्या कामाले."

आणि मी चमचा खाली ठेवून, शाळेतल्या आवाजात म्हणालो, "बघा बुवा. मी माझा अनुभव सांगून राहिलो."

चार दिवसांनी मी तक्रार घेऊन सौंसरला मिस्त्रीकडे गेलो. गाडी रस्त्यात दोनदा बसली, म्हणजे मी चांगलाच तापून पोचलो. मिस्त्रीनं ऐकून घेतलं. झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, दोन लिटर वरून घातलं, आणि गाडी दारातच तासभर चालू ठेवली. ती जी चालली, ती जी चालली! शाळेत तपासणीला साहेब आले की सगळ्यांत द्वाड वर्ग कसा हाताची घडी घालून बसतो, तशी.

"यात काही खराबी नाही जी," मिस्त्री म्हणाला.

"तुमच्या दारात नाही. रस्त्यावर आहे."

त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "मास्तर, बगीचेवाल्यांनी ट्रॅक्टर नागपूरले पाठवतो म्हणून निरोप देला. तुमी काही बोलले म्हणते. सौंसरातले लोकंही मले इचारून राहिले, मास्तरची गाडी अजून बंदच पडते का मिस्त्री. या सीझनमधी दोन ट्रॅक्टरच होते माह्याकडं. ते गेले तं शटर खाली करून घरीच बसाचं आहे मले." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

"चला," तो म्हणाला, "मी बसतो गाडीत. जिथं बंद पडते तिथंच पाहू. पण एक आयका. बंद पडली का कोणी कशाले हात लावाचा नाही. तुमीही नाही."

मी स्टीअरिंगवर, मिस्त्री शेजारी, मागे बायको. ती माहेराहून परत येत होती आणि या सगळ्या प्रकरणात तिला एवढाच रस होता की अंधाराच्या आत घरी पोचावं. मोहगाव मागे पडल्यावर गाडीनं आचका दिला. मला आनंद झाला. इतका आनंद मला गाडी सुरू झाल्यावरही कधी झाला नव्हता. मी मिस्त्रीकडे असं बघितलं, जणू मीच ती बंद पाडली. आणि पाडली मीच होती, पण ते मला अजून माहीत नव्हतं.

सवयीनं मी उतरून झाकणाकडे निघालो.

"कुठं चालले?"

"पेट्रोल दाखवतो."

"मले नका दाखवू. माहीत आहे मले. बसा."

त्यानं बोनेट उघडलं आणि पंपाला येणारी पेट्रोलची नळी काढली. नळीतून एक थेंब आला नाही. तोंड लावून ओढलं. त्याचे गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पेट्रोल मात्र येईना. "टाकीच ओढून धरून राहिली मले," तो स्वतःशीच म्हणाला. मग नळीचं टोक बाटलीत धरलं आणि मला सांगितलं, "आता जा. उघडा झाकण."

मी उघडलं. फुस्स. आणि पुढून मिस्त्रीचा आवाज, "आलं पेट्रोल."

तो मागे आला, माझ्या हातातलं झाकण घेतलं, चष्मा वर करून बघितलं. मधोमध नखानं खरवडलं. चंदेरी रंग निघाला, त्याखाली राखाडी मसाला. मग मला म्हणाला, "मास्तर, तेलाचा पिपा उघडतांनी आपण भोकं किती पाडतो?"

"दोन," मी म्हणालो.

"काऊन?"

याचं उत्तर मी पिढ्यान्‌पिढ्या फळ्यावर आकृती काढून दिलं आहे. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. हवा आत गेली नाही तर आत पोकळी होते आणि तेल यायचं थांबतं. पाण्यानं भरलेला पेला, त्यावर पुठ्ठा, पेला उलटा, पाणी पडत नाही. हा प्रयोग तर मी दरवर्षी करायचो आणि दरवर्षी पहिल्या बाकावरची मुलं भिजायची. पेट्रोल जाईल तशी हवा आत यायला हवी, तिचा रस्ता मी बंद केला होता. गाडी पंचवीस मिनिटं श्वास ओढून चालायची आणि मग कासावीस होऊन थांबायची. मिस्त्रीच्या दारात ती नुसती उभी होती, पेट्रोल थोडंच पीत होती, म्हणून तासभर टिकली. मी झाकण उघडलं की तिला हवा मिळायची, आणि श्रेय मावशींच्या लिंबाला.

"हे कोणी केलं?" मिस्त्रीनं विचारलं.

इथे मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "पहिल्यापासूनच असेल. जुनं झाकण आहे."

मागच्या सीटवरून बायकोनं काच खाली केली.

"काय पहिल्यापासून! माह्या बाबांच्या वेळेस मीच तं त्या भोकात गवताची काडी घालून खेळत होती. यायनंच बुजवलं दसऱ्याच्या सकाळी. माह्या पोळपाटावर मळला तो मसाला. दोन दिवस पोळ्यायले वास येऊन राहिला होता."

मिस्त्री हसला नाही. त्यानं खिशातून बारीक तार काढली, भोक पुन्हा मोकळं केलं, फुंकर मारली, झाकण लावलं. मग माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मले माफी गिफी नाही पाह्यजे. जिथं बोलले तिथं जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरीवर गेलो. सगळे होते, बगीचेवालेही होते. मी उभा राहून सगळं सांगितलं. दसरा, भोक, मसाला, चंदेरी रंग. काहीही राखलं नाही. मला वाटलं होतं हसतील. ते हसले नाहीत, एकमेकांकडे बघायला लागले. एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, तुमी लय साधे माणूस आहा जी. मिस्त्री येऊन पाया पडला असन, तुमाले दया आली असन."

"तसं नाही हो. भोक मीच बुजवलं."

"असू द्या. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेणारे आता कुठं राहिले?"

चहा पाजला मला. बिस्किटंही. थरथरणारा हात मी चमच्यानिशी असा हुबेहूब करून दाखवला होता, की आता तो हात खरा झाला होता आणि माझं भोक खोटं. बदनामी मला पहिल्या प्रयत्नात जमली, कबुली काही केल्या जमेना.

बगीचेवाले म्हणाले, "झाकणानं कुठं इंजन बंद पडते काय जी? आमी काही नादान नाही."

मग मी त्यांना म्हटलं, "उद्या चला माझ्यासोबत. तुमच्या डोळ्यांसमोर बंद पाडून दाखवतो."

मिस्त्रीला सौंसरहून बोलावलं. तो बसनं आला, कपडे बदलून, डोक्याला तेल लावून. बगीचेवाल्यांच्या देखत मी झाकणाच्या भोकात साबण दाबून भरला. आपण बुजवलेलं भोक साक्षीदार बोलावून पुन्हा बुजवणारा मी जिल्ह्यात पहिलाच असेन. बगीचेवाले शेजारी, मिस्त्री मागे, आणि आम्ही सौंसरच्या रस्त्याला लागलो.

पंचवीस मिनिटं झाली. गाडी चालत होती. तीस झाली. पस्तीस झाली. सौंसरला जाताना ज्या ज्या झाडाखाली ती आजवर बसली होती ती सगळी झाडं मागे गेली. इंजिन असं गोड वाजत होतं की रडू यावं. बगीचेवाले दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत. "चांगली तं चालून राहिली," ते म्हणाले, आणि तो 'चांगली' असा काढला की त्यात नागपूरचा गॅरेजवाला दिसत होता. मी आरशात मिस्त्रीकडे बघितलं. त्याचे हात मांडीवर होते. एकदम स्थिर. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं, बंद पाड. गाडी बंद पाड रे बाबा, भर रस्त्यात पाड, घाटात पाड, पण पाड.

"टाकी आज अर्धीच आहे," मिस्त्री मागून शांतपणे म्हणाला. "आत हवा जास्त आहे. पोकळी पडाले टाइम लागन. चालवत राहा."

आणखी थोडं गेलो. मोहगावची घरं दिसायला लागली, आणि गाडीनं आचका दिला. मग दुसरा. मग ती डुलत डुलत कडेला गेली आणि बंद पडली. इतक्या सुंदर रीतीनं एखादी गोष्ट बंद पडलेली मी पाहिलेली नाही. मी स्टीअरिंगवर डोकं टेकलं.

"उतरा जी," मिस्त्री बगीचेवाल्यांना म्हणाला. "पहिले चावी मारून पाहा तुमच्या हातानं."

बगीचेवाल्यांनी माझ्या जागी बसून चावी मारली. सेल्फ फिरला, इंजिन नाही. पुन्हा मारली. नाही. मिस्त्रीनं बोनेटला हातही लावला नाही. तो बाभळीच्या सावलीत हात मागे बांधून उभा होता.

"आता मागं जा, झाकण खोला."

बगीचेवाल्यांनी जोर लावून झाकण फिरवलं. फुस्स. ते दोन पावलं मागे सरले. मग पुढे वाकून टाकीला कान लावला, जणू आतलं कोणी आणखी काही बोलेल. परत येऊन त्यांनी दोन-तीनदा चावी मारली. गाडी सुरू झाली.

त्यांनी गाडी बंद केली, उतरले, झाकण हातात घेऊन भोकातला साबण नखानं काढून टाकला आणि झाकण मिस्त्रीच्या हातात दिलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

"मिस्त्री, दोन्ही ट्रॅक्टर सोमवारी आणतो तुमच्याकडं," ते म्हणाले. "फक्त काम चालू असतांनी या मास्तरले गॅरेजच्या आत घेऊ नका."